नावातला ‘ळ’, ओव्यांमधलं ‘दळण’ आणि घरातली यंत्रं – इंदूरकरांनो, मदत हवी आहे

रामबागकर
५ ऑक्टोबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. या आठवड्यात घरातली दोन कामं अडली. एक पेन्शनचं, एक मनातलं. दोन्हींचं मूळ एकच निघालं, म्हणून धागा काढतो आहे.

बाबा ८१ वर्षांचे. केंद्र सरकारच्या खात्यातून निवृत्त. दरवर्षी बँकेत जाऊन कागदावर सही करून हयातीचा दाखला देत. यंदा गुडघ्यामुळे आमच्या वाड्याचा जिना त्यांना उतरवत नाही. ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून ठरवलं की घरूनच मोबाइलवर करू. बोटांचे ठसे तर केव्हाचेच उमटत नाहीत, पण चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. त्यासाठी दोन ॲप घ्यावी लागतात, एक चेहरा वाचणारं आणि दुसरं ‘जीवन प्रमाण’चं. बाबांना खिडकीसमोर बसवलं, चष्मा काढला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. सातव्या वेळी जमलं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी पुण्याच्या आत्याला लगेच फोन केला.

तिसऱ्या दिवशी दाखला परत आला. नाव जुळत नाही.

बाबांचं नाव ज्ञानेश्वर. नोकरीच्या सगळ्या कागदांवर इंग्रजीत ते ‘डी-एन-वाय’ने सुरू होतं, आपण मराठी माणसं लिहितो तसं. आधारवर ते ‘जी-वाय’ने सुरू होतं, कारण इथे हिंदीत ज्ञ चा उच्चार ‘ग्य’ होतो आणि केंद्रावरच्या मुलाने जसं ऐकलं तसं टाइप केलं. त्याच कार्डावर खाली हिंदीत आडनाव आहे, तिथे ‘ळ’चा ‘ल’ झाला आहे. काळेंचं काले, गोळेंचं गोले होतं, आमचंही त्यातलंच. इतकी वर्षं हे कार्ड कपाटात होतं आणि आमच्यापैकी कोणी नीट वाचलंच नव्हतं.

दुसरं काम ओव्यांचं. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. ती माहेरची वाईची, लग्न होऊन इंदुरात आली ती कायमची. ती गेल्यावर बाबांनी २००३ साली आठवतील तेवढ्या ओव्या घरच्या संगणकावर टाइप करून ठेवल्या. १२८ पानं. तो संगणक कधीच गेला, फाइल मात्र आहे. आता उघडली तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. छापलेली एक प्रत आहे, पण शाई इतकी उडाली आहे की भिंग घेऊन वाचावी लागते.

म्हणून बाबा तीन संध्याकाळी मोबाइलसमोर बसले आणि भिंगातून पाहत एकेक ओवी मोठ्याने वाचत गेले. मोबाइल लिहीत गेला. काल रात्री मी पाहिलं तर ‘दळण’च्या जागी ‘दलन’, ‘सकाळ’च्या जागी ‘सकाल’, ‘बाळ’च्या जागी ‘बाल’, आणि अर्ध्या ओळी सरळ हिंदी होऊन बसलेल्या. आजी पहाटे उठून दळण दळत होती, दलन करत नव्हती. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तीन संध्याकाळी त्यांचा घसा बसला होता.

नाव कसं दुरुस्त करायचं आणि ती जुनी फाइल कशी वाचायची, कोणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा.

---

सुदामानगरची_मावशी
५ ऑक्टोबर, रात्री ११.०२

रामबागकर, वाचून गलबलून आलं. बाबांना सांगा, त्यांचे कष्ट वाया जाणार नाहीत, कोणी ना कोणी मार्ग काढेलच.

आमच्याकडे याच कारणाने एकदा फार गोंधळ झाला. माझी सून हिंदी घरातली, मराठी तिला समजतं, हळूहळू वाचतेही. यांची तब्येत बिघडली होती. मी तिला बोलून निरोप पाठवला, ‘डॉक्टर काल येऊन गेले’. मोबाइलने ‘काल’चं ‘कल’ लिहिलं. हिंदीत कल म्हणजे उद्याही होतो. ती बिचारी समजली की डॉक्टर उद्या यायचे आहेत. ऑफिसातून रजा टाकून भोपाळहून सकाळच्या गाडीने इथे हजर. तिने एवढी माया केली आणि मी दारात तिलाच विचारत होते, अगं तू कशी काय आलीस?

तेव्हापासून निरोप पाठवण्याआधी मी तो एकदा वाचतेच.

---

जेलरोड_दुरुस्ती
६ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

काका, मी जेल रोडला मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. मराठी घरातून रोज कोणी ना कोणी येतं आणि म्हणतं, ‘भिया, हा फोन मराठी लिहूनच नाही राहिला.’ दहातल्या नऊ वेळा फोन बरोबर असतो, त्याला भाषाच सांगितलेली नसते. दुकानातून फोन घेतला की विकणारा हिंदी लावून देतो. लिपी एकच, म्हणून आपल्याला वाटतं मराठीही होईल. पण फोनसाठी हिंदी वेगळी आणि मराठी वेगळी.

तुम्ही असं करा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘भाषा’ उघडा, तिथे मराठी वेगळी जोडा. मग लिहिताना खालची स्पेसची लांब पट्टी दाबून धरली की भाषांची यादी येते. मराठी निवडा. माइकचं बटण दाबण्याआधी त्या पट्टीवर ‘मराठी’ लिहिलेलं दिसतंय ना, ते बघा. बाबा बोलत होते तेव्हा तिथे नक्की ‘हिन्दी’ असणार.

अजून एक. ‘गाडी’ लिहिताना ड च्या खाली टिंब येऊन ‘गाड़ी’ होत असेल तर तोही हिंदीचाच शब्द आहे. मराठीत ड खाली टिंब देत नाहीत. फोन आपण वापरलेले चुकीचे शब्दही शिकून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पुढे करतो. वर सुचवलेला तो शब्द दाबून धरा आणि कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर ओढून न्या, मग विसरेल.

दुकानात आलात तर पाच मिनिटांत करून देईन, पैसे नकोत. जिना उतरवत नसेल तर रविवारी मीच रामबागेत येतो.

---

छापखाना_ताई
६ ऑक्टोबर, दुपारी २.४५

मी २२ वर्षं डीटीपी करते आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, सगळं. तुमच्या फाइलबद्दल नीट सांगते, कारण या गोष्टीपायी मी खूप लोकांचं लिखाण कायमचं गेलेलं पाहिलं आहे आणि ते जायची काही गरज नव्हती.

२००३ मध्ये आपण ज्या मराठी फॉन्टात टाइप करायचो, ते संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतंच. आत इंग्रजी अक्षरं साठवली जायची, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचं चित्र दाखवायचा. उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर आत फक्त ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरं असतात. फॉन्ट नसला की तीच पाच अक्षरं उघडी पडतात. तुम्हाला पानभर जे दिसतंय ते हेच आहे. म्हणजे फाइल बिघडलेली नाही. बाबांनी दाबलेली प्रत्येक कळ त्यात जशीच्या तशी आहे.

आता महत्त्वाचं. प्रत्येक फॉन्टाचा तक्ता वेगळा. एकात ‘म’ ज्या कळीवर, दुसऱ्यात तिथे भलतंच अक्षर. म्हणून नेटवर सापडेल त्या रूपांतरकात, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर आजच्या मराठीत पालटणाऱ्या साधनात, फाइल टाकू नका. इथल्या लोकांना कृतिदेवचाच रूपांतरक ठाऊक असतो, कारण हिंदीची कामं त्यातच होतात. मराठी घरांमध्ये मात्र बरेचदा दुसरेच फॉन्ट असत. फाइल वर्डमध्ये उघडा, एक ओळ निवडा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं ते बघा. फॉन्ट तुमच्या संगणकात नसला तरी फाइल त्याचं नाव लक्षात ठेवते. ते नाव इथे लिहा, मग त्याच फॉन्टाचा रूपांतरक शोधू.

रूपांतर झाल्यावरही वाचून घ्यावं लागेल. जुन्या फॉन्टात ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी दाबायचो आणि मग क. युनिकोडात, म्हणजे आता सगळी यंत्रं अक्षरं साठवायला वापरतात त्या पद्धतीत, आधी क, मग वेलांटी. रफाराचंही उलटं. ‘धर्म’मध्ये आपण म नंतर रफार द्यायचो, युनिकोडात तो र् म च्या आधी येतो. रूपांतरकाला ही सगळी अक्षरं जागच्या जागी हलवावी लागतात आणि जोडाक्षरांशी तो अडखळतो. मराठीचा ‘ऱ्य’ तर हटकून तपासा. सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा. हा अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकात शोधायला गेलात तर एका पद्धतीचा शब्द दुसरीला सापडत नाही. सगळ्या फाइलभर एकच पद्धत ठेवा.

‘ळ’बद्दल माझीही एक जखम आहे. एका मंडळाच्या मंगळागौरीची पत्रिका मी केली होती. मजकूर मोबाइलवर आला होता, पाठवणाऱ्या बाईंचा कीबोर्ड हिंदी होता. मी घाईत होते. ३०० प्रतींवर ‘मंगलागौर’ छापलं गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, पैसेही पूर्ण दिले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खर्चाने ३०० पुन्हा छापून पहाटे त्यांच्या घरी पोचवल्या.

हिंदीत ‘ळ’ नाही म्हणून लोकांना वाटतं, ल लिहिला तर काय बिघडलं, समजतं ना. पण वेळ आणि वेल एक नाहीत. काळ आणि काल एक नाहीत. ‘माझं मूळ वाईचं’ आणि ‘माझं मूल वाईचं’ यांत केवढा फरक आहे! आणि संगणकात जागा नाही असंही नाही. युनिकोडात ळ पहिल्यापासून आहे. सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर इंग्रजी एन च्या कळीवर ल आहे, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ळ. ल आणि ळ एकाच कळीवर शेजारी बसले आहेत. फक्त दाबणाऱ्याला माहीत हवं.

---

वाडा_नंबर_सात
६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

थोडं विषयांतर, माफ करा. आमचाही जुना वाडा आहे, दोन-दोन फूट जाडीच्या भिंती. राउटर दिवाणखान्यात, मागच्या खोलीत आईचा फोन नेटच पकडत नाही. तिची डॉक्टरांशी दर पंधरा दिवसांनी व्हिडिओवर भेट असते, ऐन वेळी तुटते. काय करावं?

जेलरोड_दुरुस्ती
६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.०५

राउटर दोन नावांनी वायफाय देत असेल. एक २.४ वालं, एक ५ वालं. ५ वेगवान, पण जाड भिंतीतून जाईना. मागच्या खोलीत २.४ लावा. तरी नाहीच आलं तर महाराणी रोडवरून लॅनची तार घ्या, मागच्या खोलीपर्यंत ओढा आणि तिथे दुसरा राउटर बसवा. भिंतीशी भांडून उपयोग नाही.

---

बडोदेकर
६ ऑक्टोबर, रात्री ९.५०

इंदूरच्या मंडळींना बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडे गुजराती लिपीत ळ आहे, त्यामुळे कार्डावर आडनाव तरी शाबूत राहतं. पण ज्ञ ची अडचण इथेही आहे. इथे तो इंग्रजीत ‘जी-एन’ने लिहायची पद्धत आहे. माझ्या मेहुण्यांच्या तीन कागदांवर तीन स्पेलिंग आहेत, डी-एन, जी-एन आणि जी-वाय. २०२३ मध्ये पॅन आणि आधार जोडताना त्यांचं काम याच्यावरच अडलं होतं. ३० जूनची शेवटची तारीख, हजार रुपये शुल्क भरलेलं, आणि दोन नावं जुळेनात.

मला लिहावंसं वाटलं ते मात्र ओव्यांसाठी. ती फाइल आजच्या आज तीन ठिकाणी ठेवा. माझी बहीण समा भागात राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फुटांची असताना पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं. तिचं घर तळमजल्यावर. फ्रिज, इन्व्हर्टर, स्कूटर यांचं तिला फार वाटलं नाही. संगणकाच्या डब्यात आमच्या आईचा आवाज होता, तिने म्हटलेली भोंडल्याची गाणी. प्रत कुठेच नव्हती. ती डिस्क आम्ही दोन ठिकाणी दाखवली. काही निघालं नाही.

---

लष्करकर
७ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

ग्वाल्हेरहून. आम्ही ग्वाल्हेर लिहितो, यंत्राला ग्वालियर हवं. तुम्ही इंदूर लिहिता, त्याला इंदौर हवं. शोधाच्या खिडकीत मराठी नाव टाकलं की बरेचदा काहीच येत नाही. माझी आई ७४ वर्षांची आहे, ती प्रत्येक वेळी विचारते, ‘मी गावाचं नाव चुकीचं लिहिलं का रे?’ तू बरोबरच लिहिलंस, हे तिला सांगताना दर वेळी वाईट वाटतं.

मधल्या नावाचाही एक प्रश्न आहे. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथे तशी रीत नाही, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. त्यामुळे एका कागदावर तीन शब्दांचं नाव, दुसऱ्यावर दोन. रामबागकर, नाव दुरुस्त करताना हेही एकदाच ठरवून टाका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. स्पेलिंग एकदा आणि मधलं नाव पुन्हा एकदा, असं करू नका.

---

सुदामानगरची_मावशी
७ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

आणि एक कळकळीचं सांगणं. दुरुस्तीसाठी नेटवर नंबर शोधू नका. आमच्या शेजारच्या ताईंनी ‘नाव दुरुस्ती’ असं लिहून शोधलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. समोरचा फार गोड बोलला, एक ॲप घ्यायला लावलं आणि तिकडे बसून त्यांच्या फोनचा पडदा बघत राहिला. ताईंचे ४८ हजार गेले. त्यांनी लाजेपायी दोन दिवस घरात कोणाला सांगितलं नाही, तिथेच नुकसान झालं. असं काही झालं तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करायचा, पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात. आधारचा खरा नंबर १९४७ आहे. चार आकडी, लक्षात राहतो.

घरातल्या मोठ्यांना सांगा, फसलात तरी आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. त्या ताईंना हे आधी कोणी म्हटलं असतं तर त्या गप्प बसल्या नसत्या.

---

शाळेतल्या_बाई
७ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

मी इथल्या मुलांना शनिवारी मराठी शिकवते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला ठरवून दिली, त्यात ल आणि श ची आपली वळणं आहेत. मी फळ्यावर तीच काढते. मुलं घरी मोबाइलवर हिंदी वळणाचे ल, श बघतात आणि मला म्हणतात, बाई, तुमचा ल चुकला. दोन्ही वळणांचा आतला क्रमांक एकच असतो. काही फॉन्ट मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की आपणहून मराठी वळण दाखवतात. दुरुस्तीवाले दादा म्हणतात तेच, भाषा सांगावी लागते.

रामबागकर, ओव्या पूर्ण झाल्या की मुलांसाठी काही द्याल का? जातं यातल्या एकानेही पाहिलेलं नाही.

---

रामबागकर
१२ ऑक्टोबर, रात्री ११.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय झालं ते सांगतो.

जेल रोडवाले दादा खरंच रविवारी घरी आले. मराठी जोडून दिली, चहा घेतला, पैसे घेतलेच नाहीत. बाबांनी माइकवर पहिला शब्द मुद्दाम ‘दळण’ म्हटला. पडद्यावर ‘दळण’ आलं. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मला म्हणाले, ‘आई असती तर तिला दाखवलं असतं.’

फाइलमधल्या फॉन्टाचं नाव सापडलं, ताईंना कळवलं, त्यांनी त्याचाच रूपांतरक शोधून दिला. १२८ पानं पालटून झाली. आम्ही दोघं रोज रात्री जेवणानंतर बसतो, बाबा छापील प्रत भिंगातून वाचतात, मी पडद्यावर दुरुस्त करतो. आज ४१ पानं झाली. वेलांट्या बऱ्याच ठिकाणी एक अक्षर पुढेमागे झालेल्या आहेत, ‘ऱ्य’ सगळीकडेच मोडलाय, पण ळ सगळे जागेवर आहेत. २००३ साली बाबांनी एकही चुकवला नव्हता. फाइल आता माझ्याकडे, आत्याकडे आणि एका पेनड्राइव्हवर आहे. बडोदेकर, तुमच्या आईंच्या गाण्यांचं वाचल्यावर त्याच रात्री केलं.

नावाच्या दुरुस्तीसाठी बाबांना खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवलं. केंद्रावर आपल्या बाजूला वळवलेला एक पडदा असतो, तो नीट पाहून मगच पुढे जायचं, हे मला आता कळलं. इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय झालं. मधल्या नावासह एकदाच ठरवलं. खालची हिंदी ओळ यंत्राने पुन्हा आपली आपणच ‘ल’ने भरली. मी त्या मुलाला म्हटलं, बेटा, इथे ळ हवा. तो म्हणाला, ये अक्षर तो है ही नहीं. पडद्यावरच्या कीबोर्डवर आम्ही दोघांनी शोधला, सापडला, त्याने दाबला. मग त्याने बाबांना विचारलं, दादाजी, इसको बोलते कैसे हैं? बाबांनी त्याला तीनदा म्हणून दाखवला. रांगेत मागे दहा जण होते, कोणी घाई केली नाही.

नवं कार्ड आलं की दाखला पुन्हा भरू. महिना हातात आहे.

शाळेतल्या बाई, नक्की देईन. फक्त ६३ व्या पानावरच्या एका ओवीत एक शब्द छापील प्रतीतही उडाला आहे, फाइलमध्येही तिथे नुसता चौकोन आहे. जात्याच्या खुंट्याला वाई-सातारकडच्या बायका आणखी काही म्हणत असत का? तीन अक्षरी शब्द आहे, शेवटी ‘ळा’. कोणाच्या घरी जुनी आजी असेल तर विचारून सांगा.